नको म्हणायची सोय

सोलापूरच्या पूर्व भागात एका दहा बाय बाराच्या खोलीत मी बसले होते. मांडीवर पॅड, पॅडला सात पानांचा फॉर्म, आणि समोर एक मावशी सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक गिरकी, टोकं दुमडायची, दोरा गुंडाळायचा, की झाली विडी. संध्याकाळपर्यंत हजार व्हायला पाहिजेत म्हणून त्यांचे हात थांबतच नव्हते, आणि थांबवा म्हणायचा मला काय हक्क, म्हणून मी तसंच वाचायला सुरुवात केली. "या अभ्यासातील आपला सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे. आपण कोणत्याही टप्प्यावर, कोणतेही कारण न देता, अभ्यासातून बाहेर पडू शकता. आपण दिलेली माहिती गोपनीय राहील." अर्ध्या मिनिटात संपवलं असेल. मावशींनी वर न बघताच विचारलं, "अंगठा कुठं लावू तेवढं सांगा मॅडम."

तंबाखूचा हात पदराला पुसून त्यांनी अंगठा लावला. साक्षीदार म्हणून शेजारच्या बाईला हाक मारली, तिनं दारातूनच वाकून सही केली, तिनं तर त्यातली एक ओळसुद्धा ऐकली नव्हती. कागदावर सगळं बरोबर होतं.

एमए नुकतंच झालेलं, आणि एका प्रोजेक्टवर फॉर्म भरून घ्यायचं काम मिळालेलं. पैसे पूर्ण झालेल्या फॉर्मवर मिळायचे, अर्धवट फॉर्मचे नाही. हे मी मुद्दाम सांगतेय कारण संशोधनातली नीतिमत्ता म्हटलं की लोक मोठमोठ्या तत्त्वांबद्दल बोलतात आणि ही असली छोटी गोष्ट कुणी बघतच नाही. मावशी मधेच उठून गेल्या असत्या तर माझा सकाळपासूनचा एक तास फुकट गेला असता. म्हणजे त्यांनी बाहेर पडू नये असं मला मनातून वाटत होतंच, आणि तेच मी त्यांना वाचून दाखवत होते की तुम्ही कधीही बाहेर पडू शकता.

प्रश्नावली नैराश्याची, नऊ प्रश्नांची, जगभर वापरतात ती. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कशात मन लागत होतं का, असे एकेक प्रश्न. आठ प्रश्न विड्यांबरोबरच झाले. नवव्यात विचारायचं असतं की यापेक्षा मेलेलं बरं किंवा स्वतःला काही करून घ्यावं असे विचार आले का. मी तो वाचला आणि पहिल्यांदाच मावशींचे हात थांबले. अर्धी वळलेली विडी तशीच बोटांत, दोरा लोंबतोय. मग म्हणाल्या, "नाही." हात परत सुरू. मी शून्यावर टिक केली.

फॉर्म झाला, मी पेनाला टोपण लावलं, चप्पल घालायला दारात आले, तेव्हा त्यांनी विचारलं, "मॅडम, हे माझ्या पोराला दाखवणार का?" मी म्हटलं नाही हो मावशी, कुणालाच नाही. मग थोडं थांबून, "असले विचार सगळ्यांनाच येतात का?"

मी काय उत्तर दिलं ते लिहायलाही नको वाटतं. काहीतरी म्हणाले, होतं असं, काळजी करू नका, वगैरे. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी कुठल्या दिवशी असते हेसुद्धा मला माहीत नव्हतं, माझ्या पिशवीत द्यायला एक नंबर नव्हता, एक चिठ्ठी नव्हती. रात्री सिनियरला फोन केला तर तिकडून उत्तर आलं की जे सांगितलं तेच ठेवा, आपण डेटा घेतोय, उपचार करत नाही. आठवड्यानं परत गेले तेव्हा खोलीला कुलूप होतं, मावशी तयार विड्या द्यायला कारखान्यात गेल्या होत्या. नंतर आमचा भाग बदलला. त्या फॉर्मवर अजूनही शून्यच असणार.

आज मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि दरवर्षी संशोधनाच्या नीतितत्त्वांचा धडा आला की मुलं परीक्षेपुरते मुद्दे लिहून घेतात: माहितीपूर्ण संमती, गोपनीयता, हानी न करणं, माघार घ्यायचा हक्क, नंतर खरं काय ते समजावून सांगणं. लिहून घेऊ दे, मुद्दे बरोबरच आहेत. पण ही तत्त्वं कुणी खुर्चीत बसून सुचवलेली नाहीत, एकेक तत्त्वाच्या मागे कुणीतरी माणूस आहे किंवा कुणीतरी जीव आहे ज्याला काहीतरी झालं, आणि मला वर्गात ते सांगायचं असतं.

मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग सगळ्यांना तोंडओळखीपुरता माहीत असतो. १९६१ चा ऑगस्ट, अमेरिकेतलं न्यू हेवन गाव, येल विद्यापीठ. पेपरात जाहिरात दिली की स्मरणशक्तीच्या अभ्यासाला माणसं पाहिजेत, तासाभराचे ४ डॉलर आणि वर ५० सेंट गाडीभाडं. येणाऱ्याला सांगायचे की तू शिक्षक, पलीकडच्या खोलीतला माणूस विद्यार्थी, तो चुकला की शॉक द्यायचा, प्रत्येक चुकीला एक बटण पुढे. १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत ३० बटणं. शॉक खोटे होते आणि पलीकडचा माणूसही ठरवलेला होता, पण बटण दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. ३०० ला पलीकडून भिंतीवर धडधड व्हायची, पुढच्या बटणानंतर आणखी एकदा, आणि मग कायमची शांतता. १९६३ साली जो पेपर छापून आला त्यात ४० पुरुष होते, त्यातले २६ शेवटच्या बटणापर्यंत गेले.

हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. मला त्या पेपरातल्या दुसऱ्याच दोन गोष्टी सोडत नाहीत. एक म्हणजे पैसे. सुरुवातीलाच त्यांना सांगितलेलं असायचं की हे पैसे तुम्ही आलात म्हणून आहेत, इथे पुढे काहीही झालं तरी ते तुमचेच. म्हणजे पैसे मिळालेले, दार उघडं, कुणी बांधून ठेवलेलं नाही, आणि तरी माणसं उठत नव्हती. घाम फुटत होता, थरथरत होती, ओठ चावत होती, १४ जण तर विचित्र हसत सुटले होते, तिघांना चक्क झटके आले आणि त्यातल्या एका ४६ वर्षांच्या माणसाचे, घरोघर विश्वकोश विकणाऱ्याचे, इतके जोरात होते की प्रयोगच थांबवावा लागला. त्यांचं अंग ओरडून सांगत होतं की नको, फक्त तोंडातून तो शब्द निघत नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे चार वाक्यं. समोरचा कचरायला लागला की करड्या कोटातला प्रयोगकर्ता ठरलेली वाक्यं ठरलेल्या क्रमानं म्हणायचा. पहिलं, कृपया पुढे चालू ठेवा. दुसरं, प्रयोगासाठी तुम्ही पुढे जाणं गरजेचं आहे. तिसरं, तुम्ही पुढे जाणं अत्यंत आवश्यक आहे. आणि चौथं, तुमच्यापुढे दुसरा पर्याय नाही, तुम्हाला पुढे जावंच लागेल.

आता मी सोलापुरात जे वाचलं ते आठवा. कोणत्याही टप्प्यावर, कोणतेही कारण न देता, बाहेर पडू शकता. ते या चौथ्या वाक्याच्या अगदी उलट वाक्य आहे, जवळजवळ शब्दाला शब्द. हे लक्षात आलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते, कारण मग पुढचा प्रश्न येतोच ना, की समोर कोट घातलेला माणूस शांतपणे बसलाय एवढ्यानं ज्या माणसांना उघड्या दारातून जाता आलं नाही, त्यांना एक छापील वाक्य वाचून दाखवल्यानं जाता आलं असतं का? अमेरिकेतल्या पगारदार पुरुषांना जमलं नाही ते अंगठा लावणाऱ्या बाईला, जिच्या दारात गळ्यात आयकार्ड अडकवलेली मॅडम आलीय, तिला जमेल असं आपण कशावर समजतो?

१९६४ मध्ये डायना बॉमरिंड नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मिलग्रॅमवर जाहीर टीका केली की प्रयोगशाळेत आलेला माणूस आधीच विश्वास टाकून आलेला असतो, तुम्ही त्या विश्वासाचाच वापर केलात. मिलग्रॅमचं उत्तर होतं की नंतर विचारलं तेव्हा ८४ टक्के लोकांनी भाग घेतल्याचा आनंद आहे असं सांगितलं. हा आकडा मी खोटा म्हणत नाही. पण आपण कुणाला तरी जिवे मारण्यापर्यंत गेलो होतो हे कळलेला माणूस त्यातून काहीतरी चांगलं शोधणारच, त्याला त्याच्याबरोबर जगायचं असतं. मी बॉमरिंडबाईंच्या बाजूची आहे. आणि तरीही मिलग्रॅमनं जे दाखवलं ते नसतं तर माझ्या त्या अंगठ्याबद्दल मला कधी शंकाच आली नसती, हेही तितकंच खरं आहे, आणि हे दोन्ही मला एकत्र धरावं लागतं, त्यातलं एक सोडून सुटका होत नाही.

मोठ्या माणसाला निदान तोंड तरी आहे. १९२० साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी जे केलं त्यातला अल्बर्ट ११ महिन्यांचा होता, दवाखान्यात दुसऱ्यांच्या बाळांना दूध पाजणाऱ्या एका दाईचं बाळ. पांढरा उंदीर समोर सोडायचा, बाळानं हात पुढे केला की पाठीमागे ४ फुटी पोलादी कांबीवर हातोडा हाणायचा. काही दिवसांत बाळ नुसत्या उंदराला बघून रडायला आणि लांब रांगायला लागलं, मग सशाला बघूनही, फरच्या कोटाला बघूनही. भीती शिकवता येते हे सिद्ध झालं. ती काढायचा प्रयत्न झालाच नाही, बाळ दवाखान्यातून गेलं.

या प्रयोगाबद्दल सगळे कांब आणि हातोडा सांगतात. मी वर्गात अंगठा सांगते. त्या दोघांनी स्वतःच लिहून ठेवलंय की बाळ घाबरायच्या बेताला आलं की अंगठा तोंडात घालायचं, आणि अंगठा तोंडात गेला की त्याला कशाचीच भीती वाटेनाशी व्हायची. मग काय केलं, तर पुन्हा पुन्हा त्याचा अंगठा तोंडातून काढावा लागला, तेव्हा कुठे पाहिजे ती प्रतिक्रिया मिळाली. हे त्यांनी निरीक्षण म्हणून लिहिलंय. ११ महिन्यांच्या जिवाकडे नको म्हणायची जी एक सोय होती ती हातानं बाजूला करत होते आणि आपण काय करतोय हे त्यांना दिसत नव्हतं. मी हे सांगते तेव्हा मागच्या बाकावरची पोरंपण गप्प होतात, ज्या मुलींच्या घरी लहान बाळ आहे त्या तर माझ्याकडे बघतच नाहीत.

याच वॉटसननं पुढे १९२८ मध्ये आईबापांना सल्ला दिला की मुलांना मिठीत घेऊ नका, पापे घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा. आणि लोक ऐकत होते, कारण सांगणारा शास्त्रज्ञ होता. दूध वेळेवर मिळालं की झालं, माया म्हणजे लाड, असा तो काळ.

ते खोडून काढलं हॅरी हार्लो या मानसशास्त्रज्ञानं, आणि ते ज्यांच्या जिवावर खोडलं ती माकडं. इथे आपला थेट संबंध येतो. ऱ्हीसस, म्हणजे उत्तर भारतात देवळांच्या आणि स्टेशनांच्या आसपास दिसणारं लाल तोंडाचं माकड. १९५० च्या दशकात ही माकडं भारतातून लाखोंनी अमेरिकेत गेली, बहुतेक पोलिओच्या लशीपायी. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हार्लोकडे बाहेरून येणारी माकडं आजारी असायची म्हणून त्यानं तिथेच पैदास सुरू केली, आणि रोग पसरू नये म्हणून पिल्लं जन्मल्यावर काही तासांत आईपासून वेगळी करून बाटलीवर वाढवली. पिल्लं जगली, वजनंही चांगली. पण पिंजऱ्याच्या जाळीवर मऊ कापडाचे लंगोट अंथरलेले असायचे, आणि साफसफाईसाठी ते काढायला गेलं की पिल्लं दोन्ही हातांनी कापड घट्ट धरायची, सोडायचीच नाहीत, आकांत करायची.

त्यातून त्याला तो प्रयोग सुचला. तारेची एक आई, कापडाची एक आई, दूध तारेच्या आईकडे. पिल्लू दूध प्यायला तारेकडे जायचं आणि बाकीचा सगळा वेळ कापडाला चिकटून असायचं. १९५८ मध्ये त्यानं हे जाहीर मांडलं आणि नुसतं दूध पाजणं म्हणजे आई नव्हे हे शास्त्रानं मान्य केलं. अनाथाश्रमात, हॉस्पिटलात मुलांना कसं ठेवायचं याचा विचार बदलण्यात या कामाचा हात आहे. हे मी कमी लेखणार नाही.

पण हार्लो तिथे थांबला नाही. पुढे पिल्लांना महिनोन्‌महिने एकटं कोंडलं, काहींना जन्मापासून पूर्ण वर्षभर. तीन महिने कोंडून बाहेर काढलेल्या पिल्लांतलं एक खाईनासं झालं आणि पाचव्या दिवशी मेलं. नंतर तर खाली निमुळती होत जाणारी पोलादी पेटी बनवली, त्यात पिल्लू उतरवायचं, सुरुवातीला ते वर चढायचा प्रयत्न करतं, घसरतं, परत चढतं, आणि काही दिवसांत तळाला गुडघ्यात डोकं घालून बसतं. या पेटीला त्यानं स्वतः दिलेलं नाव निराशेचा खड्डा असं होतं. नैराश्य समजून घ्यायचं होतं म्हणे. मला इथे एकच विचारायचंय, कापड ओढल्यावर पिल्लू दोन्ही हातांनी धरून किंचाळत होतं तेव्हाच उत्तर मिळालेलं नव्हतं का? त्याला आणखी किती स्पष्ट सांगायला पाहिजे होतं?

माकडांच्या वतीनं नको म्हणणारंही कुणीतरी निघालं. भारतानं माकडं देताना अट घातली होती की फक्त वैद्यकीय संशोधनाला आणि लशींना वापरायची. अमेरिकी लष्करानं त्यांच्यावर किरणोत्सर्गाचे प्रयोग केल्याचं उघड झालं आणि मोरारजी देसाईंच्या सरकारनं १ एप्रिल १९७८ पासून ऱ्हीससची निर्यातच बंद केली. तिकडच्या प्रयोगशाळांनी पुष्कळ ओरड केली, पण ती बंद ती बंदच. आपल्या अभ्यासक्रमात ही गोष्ट कुठेच नाही याचं मला फार वाईट वाटतं.

प्राण्यांबाबत तीन नियम १९५९ पासून सांगितले जातात, प्राण्याऐवजी दुसरं काही चालत असेल तर ते वापरा, वापरायचेच तर कमीत कमी वापरा, आणि वेदना कमीत कमी होईल असं करा. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, प्रयोगांवर देखरेखीसाठी केंद्राची समिती आहे, आणि त्या समितीनं या तिन्हीत चौथा नियम घातला, पुनर्वसनाचा. प्रयोग संपला म्हणून जीव संपत नाही, त्याला पुढे नीट जगवायची जबाबदारी तुमचीच. हा चौथा नियम वाचला की मला दरवेळी ती खोली आणि दारात विचारलेला तो प्रश्न आठवतो. माझा फॉर्म संपला होता. मावशींचं काहीच संपलं नव्हतं.

एका शब्दाबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. मी शिकले तेव्हा मराठी पुस्तकात, प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये, ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला प्रयुक्त म्हणायचे. आरशात बघून चांदणी गिरवायचा प्रयोग असायचा, आरशात सगळं उलटं दिसतं म्हणून पेन्सिल भलतीकडेच जाते, आणि आम्ही जर्नलमध्ये लिहायचो, "प्रयुक्तास खुर्चीवर बसविले. प्रयुक्तास सूचना दिल्या." माझी प्रयुक्त माझी पार्टनरच होती, तिला ती पेन्सिल जमेना आणि डोळ्यात पाणी आलं तरी आम्ही तीस फेऱ्या पूर्ण केल्या कारण जर्नलवर सही पाहिजे होती. प्रयुक्त म्हणजे शब्दशः वापरलेला. आता सहभागी म्हणतात, मी मुलांच्या जर्नलमध्ये हा शब्द खोडून बदलायला लावते, काहींना तो नुसता कटकटीचा प्रकार वाटतो.

गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या मुलांबरोबर लक्ष एकाग्र करण्याचा एक साधा प्रयोग करत होती. मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांच्या सह्या, सगळं झालेलं. २४ मुलं. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की पालकांची संमती असली तरी सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकार वेगळा घ्यायचा, म्हणून तिला मी सांगितलं होतं की प्रत्येकाला समोर बसवून विचार, आणि बाई बाजूला उभ्या असताना विचारू नकोस, त्या ऑफिसात गेल्यावर विचार. सोबत समुपदेशकाचा नंबर आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक घरासाठी दिली होती. एकाग्रतेच्या चाचणीला ती कशाला, असं तिनं विचारलं नाही, तिला सोलापूरचं माहीत आहे.

दुपारी तिचा फोन आला. एक मुलगा हो म्हणाला, बसला, दोन मिनिटांनी म्हणाला पाणी पिऊन येतो, आणि गेला तो आलाच नाही. खिडकीतून दिसतोय, हापशाजवळ एकटाच दगडं मारत बसलाय. बाई म्हणतायत थांबा, मी कान धरून आणते.

"मॅडम, काय करू? हो म्हणाला होता तो."

मी म्हटलं, बाईंना थांबव आधी. आणि २३ लिही.